“तिकडं कशाला गेलती?” : या एका प्रश्नात वाया जाणारे ७२ तास

पावसाळा सुरू झाला की आमच्याकडे साप चावलेले रुग्ण येऊ लागतात. बहुतेक शेतकरी. लाइट रात्रीची असते म्हणून मोटार चालू करायला शेतात गेलेले आणि अंधारात नको तिथे पाय पडलेले. असा माणूस आला की सोबत चार-पाच जण धावत येतात. “रात्रीचं शेतात कशाला गेलता?” असं त्याला कुणी विचारत बसत नाही. बॅटरी का नेली नाही, बूट का घातले नाहीत, ही बोलणी नंतर, तो बरा होऊन घरी गेल्यावर. त्या घडीला सगळ्यांना एकच घाई असते, इंजेक्शन वेळेत मिळालं पाहिजे.

आता दुसरा रुग्ण बघा. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असलेली एक मुलगी आईबरोबर ओपीडीत आली. “सर, हिच्या पोटात दुखायलंय. जेवंना झालीय, रात्रभर झोपंना.” पोट तपासलं, काही सापडलं नाही. मुलगी माझ्याकडे बघतच नव्हती. आईला थोडा वेळ बाहेर बसायला सांगितलं, सिस्टर थांबल्या. बऱ्याच वेळाने तिने सांगितलं. शेवटची एसटी चुकली होती, नात्यातलाच एक जण गाडीवर सोडतो म्हणाला, आणि वाटेत त्याने गाडी थांबवली. या गोष्टीला अकरा दिवस झाले होते.

आई आत आली तेव्हा तिला सगळं ठाऊक होतं. पदर तोंडाला लावून म्हणाली, “त्याच रात्री सांगितलं सर तिनं. पण हिचे पप्पा म्हणले, त्याच्या गाडीवर बसायची काय गरज होती? भाऊ म्हणला, वरडली का नाहीस? मग ती गप्पच झाली. आम्हीबी गप्प बसलो.”

हे अकरा दिवस किती महागात पडले ते डॉक्टर म्हणून सांगतो. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणून द्यायची औषधं घटनेनंतर ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, तीही जितकी लवकर तितकी चांगली. ते ७२ तास गेले होते. गर्भ राहू नये म्हणून तातडीची गोळी असते. तीही पहिल्या तीन दिवसांत घ्यायची, उशिरात उशिरा पाच दिवसांपर्यंत उपयोगी पडते. ते दिवसही गेले. अंगावरचे, कपड्यांवरचे पुरावे अंघोळीत आणि धुण्यात गेले होते. उरलं होतं ते दर काही आठवड्यांनी रक्त तपासत राहणं आणि पाळीची वाट बघणं. साप चावलेल्या माणसाला मिळालेली घाई या मुलीला मिळाली नाही, कारण तिच्या घरात आधी चौकशी बसली आणि त्या चौकशीत आरोपी तीच होती.

तुम्ही म्हणाल, घरचे अडाणी असतील. नाही. वडील नोकरदार, भाऊ पदवीधर. आणि खरं सांगायचं तर “ओरडली का नाहीस” हा प्रश्न फक्त घरातून आणि पारावरून आलेला नाही. त्याला शास्त्राचा शिक्का मारून देण्यात आम्हा डॉक्टरांचा मोठा हात आहे. त्यासाठी एक जुनं प्रकरण सांगावं लागेल. नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, पण त्यातली डॉक्टरी बाजू फार कमी लोकांना माहीत असते.

२६ मार्च १९७२. देसाईगंज, म्हणजे वडसा. आज गडचिरोली जिल्ह्यात आहे, तेव्हा चंद्रपूर जिल्ह्यात होतं. मथुरा ही आईवडील नसलेली, मोलमजुरी करणारी आदिवासी मुलगी. तिचं एका मुलाशी सूत जुळलं होतं. भावाला ते पसंत नव्हतं, म्हणून तिला पळवून नेल्याची तक्रार त्याने पोलिसांत दिली. सगळ्यांना ठाण्यात बोलावलं, जबाब झाले. रात्री साडेदहाच्या सुमारास बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं आणि मथुरेला आत थांबवून घेतलं. ठाण्यातल्याच दोन पोलिसांवर आरोप होता, एकावर बलात्काराचा, दुसऱ्यावर तिच्या अंगाशी झटल्याचा. तिचे लोक बाहेर उभे होते. गाव जमलं, लोक चिडले, तेव्हा कुठे तक्रार लिहून घेतली गेली.

तिची वैद्यकीय तपासणी झाली दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता. अहवालात काय होतं? वय १४ ते १६ च्या दरम्यान. अंगावर जखमा नाहीत. योनिपटल जुनं फाटलेलं. आणि योनीत दोन बोटं सहज जातात. बस्स.

या ओळींचं पुढे काय झालं ते नीट वाचा. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने पोलिसांना सोडलं. मुलीला शरीरसंबंधांची सवय आहे आणि ती खोटं बोलते, असं ठरवलं. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला. भीतीने निमूट राहणं म्हणजे संमती नव्हे, हे त्या न्यायाधीशांना कळलं होतं. पण १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दोघांनाही पुन्हा निर्दोष सोडलं. कारणं काय, तर अंगावर जखमा नाहीत म्हणजे प्रतिकार झाला नाही. आणि जवळच आपली माणसं असताना तिने हाक का मारली नाही? त्या मुलीच्या भावाने विचारलेला “वरडली का नाहीस” हाच प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये विचारला होता, फक्त कायद्याच्या इंग्रजीत.

दोन बोटांच्या त्या वाक्यातून बलात्कार झाला की नाही याबद्दल काहीही कळत नाही. काहीही नाही. योनीचे स्नायू सैल-घट्ट असणं माणसागणिक बदलतं, घाबरण्यावर बदलतं. पटल खेळताना, सायकलवर, आपोआपही फाटतं. काही जणींत ते जन्मतःच नावापुरतं असतं, तर संबंधांनंतरही ते काही जणींत तसंच राहतं. आणि समजा, तिचे आधी संबंध होते. बरं मग? कालपर्यंत मी स्वखुशीने चार जणांना चहा पाजला, म्हणून आज कुणी माझा खिसा कापला तर ती चोरी ठरत नाही का?

आता माझा कबुलीजबाब. आम्ही एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला न्यायवैद्यकशास्त्र शिकलो ते याच पद्धतीने. कौमार्याची लक्षणं हा परीक्षेत हमखास येणारा प्रश्न होता. धडधाकट बाईवर एकटा पुरुष बळजबरी करू शकत नाही, अशी वाक्यं आम्ही पाठ केली. वर्गात मुलीही बसायच्या, त्यांनीही तेच पाठ करून मार्क मिळवले. पुढे नव्वदीच्या दशकात मी एका ग्रामीण रुग्णालयात होतो. लेडी डॉक्टर नव्हती, पोलीस एका बाईला घेऊन आले. नर्सला उभं करून मी तिला तपासलं आणि कागदावर शिकवलं होतं तसं लिहिलं, प्रतिकाराच्या खुणा नाहीत, शरीरसंबंधांची सवय आहे. दोन मुलांची आई होती ती! सवय नसेल तर काय असेल? मला ते लिहायला कुणी भाग पाडलं नव्हतं. पंधरा मिनिटांत कागद तयार झाला. तिला गर्भ राहू नये म्हणून काही द्यावं, झोप येते का विचारावं, हे सुचलंसुद्धा नाही. तिच्या केसचं पुढे काय झालं मला माहीत नाही. बचाव पक्षाच्या वकिलाला माझ्या त्या एका ओळीचा किती उपयोग झाला असेल, याचा विचार मात्र अजून येतो.

ओरडण्याकडे परत येऊ, कारण लोकांच्या मनात सगळ्यात घट्ट बसलेली शंका तीच आहे.

आपल्या मराठीत वाक्प्रचार आहेत. वाचा बसली, हातपाय गळाले, पाय जागच्या जागी खिळले. हे कुणी डॉक्टरांनी घडवलेले नाहीत, माणसांनी अनुभवातून घडवलेत. जिवावरचं संकट आलं की शरीर लढतं किंवा पळतं, हे सगळ्यांना माहीत असतं. पण दोन्ही शक्य नाही असं वाटलं की मेंदूचा खालचा, जुना भाग तिसरंच काही करतो, शरीर गोठवतो. स्नायू ताठरतात किंवा ढिले पडतात, आवाज फुटत नाही. माणूस शुद्धीवर असतो, सगळं कळत असतं, पण हलता येत नाही. हा निर्णय नसतो, शिंक येते तशी ही प्रतिक्रिया येते. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर आपत्कालीन केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांना घटनेच्या वेळी अशी लक्षणीय गोठण आली होती. आणि ज्या गोठल्या होत्या, त्यांना पुढे सहा महिन्यांत मानसिक आघाताचा आणि नैराश्याचा त्रास जास्त झाला. म्हणजे जी ओरडू शकली नाही, तिचं दुखणं कमी नव्हे, जास्त असतं. घरच्यांच्या आधी ती स्वतःच स्वतःला हजार वेळा विचारून झालेली असते, मी ओरडले का नाही?

तुम्ही लातूर-धाराशिव भागातले असाल तर घरातल्या मोठ्या माणसांना ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट विचारा. आदल्या दिवशी गणपती विसर्जन झालेलं. चारच्या सुमाराला किल्लारीची जमीन हलली. वाचलेल्यांत असे लोक भेटतील, जे सांगतात की भिंत पडताना दिसत होती, पण उठताच येईना, लेकराला हाक मारायला तोंडातून शब्द निघेना. घटनांचा क्रमही त्यांना नीट सांगता येत नाही. आधी आवाज आला की आधी पत्रा पडला, प्रत्येक वेळी वेगळं सांगतात. आपण कधी म्हटलं का की याची जबानी बदलते, म्हणजे भूकंप झालाच नाही? वर्षभर आधीपासून त्या भागात धक्के बसत होते. तरी “दगडमातीच्या घरात झोपलात कशाला?” असं त्या ढिगाऱ्यावर उभं राहून कुणी विचारलं नाही. आख्खा देश भाकरी आणि पांघरुणं घेऊन धावला.

आणि जखमा? जागतिक आरोग्य संघटनेच्या आधारे आपल्या केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१४ मध्ये डॉक्टरांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. बळजबरीच्या प्रकरणांपैकी सुमारे एक तृतीयांशातच दिसणाऱ्या जखमा सापडतात, असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे तिघींपैकी दोघींच्या अंगावर काहीच दिसणार नाही. धमकी दिली असेल, गुंगीचं काही पाजलं असेल, ती गोठली असेल किंवा उशिरा आली असेल.

मथुरेचा निकाल आला तेव्हा एक वर्ष फारसं कुणी बोललं नाही. १६ सप्टेंबर १९७९ ला उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. त्यातून देशभर मोर्चे निघाले आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्कारात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई म्हणाली की माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने तसंच गृहीत धरायचं. पीडितेचं नाव छापायला बंदीही तेव्हाच आली. (म्हणूनच मथुरेचं नाव आपल्याला माहीत आहे आणि नंतरच्या कितीतरी जणींचं नाही. ते बरंच आहे.) पीडितेची चालचलणूक काढून तिची साक्ष मोडण्याची मुभा देणारं पुराव्याच्या कायद्यातलं पोटकलम मात्र थेट २००३ पर्यंत टिकलं. २०१३ मध्ये संमती म्हणजे शब्दांतून किंवा कृतीतून दिलेला स्पष्ट होकार, आणि केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे कायद्यात लिहिलं गेलं. भारतीय न्याय संहितेतही ते तसंच आहे.

दोन बोटांची चाचणी २०१४ च्या सूचनांनी बंद केली. आमच्या क्षेत्रातूनही विरोध झाला. सेवाग्रामचे न्यायवैद्यकतज्ज्ञ डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्यांच्या दर्जाचा पिच्छा पुरवला. तरी काही ठिकाणी ही चाचणी चालूच राहिली, म्हणून ३१ ऑक्टोबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की ती करणारा डॉक्टर गैरवर्तनाचा दोषी धरला जाईल. कायद्याला भावाच्या त्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. घराला अजून मिळायचंय.

आता तुमच्या शंका. हा विषय काढला की त्या येतातच.

“सर, मग पोरींना जपून राहा म्हणायचंच नाही का?” म्हणा की. मीही माझ्या घरात म्हणतो. पण घटना घडण्याआधी म्हणा आणि मुलांनाही म्हणा, निदान तितक्याच वेळा. घडून गेल्यावर म्हटलेलं “जपून राहायचं होतंस” ही काळजी नसते, तो निकाल असतो. शिवाय आपण कशापासून जपायला सांगतो? अंधार, परका माणूस, जीन्स. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाची आकडेवारी काढून बघा. बलात्काराच्या नोंदलेल्या शंभर गुन्ह्यांपैकी साधारण ९५ गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. नातेवाईक, शेजारी, मित्र, मालक. त्याच्यापासून जपायला आपण शिकवतच नाही. उलट “काका आलेत, पाया पड” म्हणतो. आणि पोरीने काही सांगितलं तर आधी त्याची अब्रू आठवते.

“खोट्या केसेस पण असतात.” असतात. सोळा-सतरा वर्षांची मुलगी स्वतःहून कुणाबरोबर गेली आणि आईवडिलांनी गुन्हा नोंदवला, अशी प्रकरणं आमच्याकडेही तपासणीला येतात. मथुरेच्या प्रकरणाची सुरुवातही भावाच्या अशाच तक्रारीने झाली होती. म्हणजे त्या तक्रारीत कितपत तथ्य होतं हा एक प्रश्न, आणि त्याच रात्री ठाण्यात काय झालं हा दुसरा. खरं-खोटं पोलिसांनी तपासावं, न्यायालयाने ठरवावं, आरोपीलाही त्याची बाजू मांडू द्यावी. पण ते ठरायला वर्षं लागतात आणि माझ्या औषधाला मुदत ७२ तासांची आहे. छातीत दुखतंय म्हणणाऱ्याचा ईसीजी मी आधी काढतो. तो नाटक करतोय का, हे आधी बघत नाही.

आमच्या लातूर-नांदेडच्या बाबतीत आणखी एक सांगायलाच हवं. दहावी झाली की आजूबाजूच्या जिल्ह्यांतून हजारो मुली इथे क्लासला येतात, खोली घेऊन, मेसचा डबा खाऊन राहतात. आईवडिलांनी त्यासाठी रान गहाण टाकलेलं असतं. यातल्या कुणाला रस्त्यात, जिन्यात, गाडीत कुणी त्रास दिला तर ती घरी सांगत नाही. का? एकदा एकीने मला स्पष्टच सांगितलं, “सर, सांगितलं तर उद्या सामान भरून गावाकडं नेतील आणि मे महिन्यात लग्न लावतील.” तिचं काय चुकलं? त्रास देणाऱ्याचा क्लास चालू राहतो, हिची नीट बंद होते. शिक्षा आपण हिलाच देणार, हे या मुलींना पक्कं माहीत आहे, म्हणून त्या गप्प राहतात. आणि त्या गप्प राहतात म्हणून आपण म्हणतो, आमच्याकडे असलं काही होत नाही.

तुमच्या घरी, शेजारी, होस्टेलवर असं काही घडलं, तर पहिल्या तासात काय करायचं ते आता वाचून ठेवा. “कशाला”, “का नाही”, “किती वेळा सांगितलं होतं”, या तिन्हींपैकी काही तोंडातून काढू नका. “बरं झालं सांगितलंस” एवढं म्हणा. अंघोळ करू देऊ नका, शक्य असेल तर लघवीला जाण्याआधी दवाखाना गाठा. अंघोळ झाली असली तरी जा, ९६ तासांपर्यंत नमुने घेतले जातात. त्यानंतरही तपासणी आणि उपचार होतातच. अंगावरचे कपडे धुऊ नका, कागदात गुंडाळून न्या. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि पुरावा कुजतो.

कुठलाही सरकारी किंवा खासगी दवाखाना पहिले उपचार नाकारू शकत नाही, पैसे मागू शकत नाही आणि “आधी एफआयआर आणा” म्हणू शकत नाही. नाकारलं तर दवाखान्याच्या प्रमुखाला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. सगळी सोय एका जागी हवी असेल तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दवाखाना पोलिसांना कळवतो, पण जबाब द्यायचा की नाही हे सज्ञान बाईने ठरवायचं. तिने नको म्हटलं तरी औषधं मिळतात. मुलगी अठराच्या आतली असेल तर मात्र पोलिसांना कळवणं सगळ्यांवरच बंधनकारक आहे आणि तिची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची असते. प्रत्येक तपासणीआधी तिची परवानगी घेतली पाहिजे, लहान असेल तर पालकांची. दोन बोटांची चाचणी कुणी करू लागलं तर सरळ नाही म्हणा.

एचआयव्हीच्या गोळ्या २८ दिवस रोज घ्यायच्या असतात. मळमळ होते, मध्येच सोडाव्याशा वाटतात, सोडू देऊ नका. कावीळ ‘बी’ची लस, गुप्तरोगांवरची औषधं आणि गरज पडल्यास धनुर्वाताचं इंजेक्शन त्याच भेटीत मागून घ्या. गर्भ राहिलाच तर बलात्कारपीडितेला २४ आठवड्यांपर्यंत गर्भपाताची कायद्याने मुभा आहे, तेव्हा गावठी उपायांच्या नादी लागू नका. राज्य सरकारची मनोधैर्य योजना २०१३ पासून आहे, तिच्यातून अर्थसाहाय्य मिळतं. त्याची चौकशी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात करा. तातडीला ११२, महिलांसाठी १८१, मुलांसाठी १०९८.

अकराव्या दिवशी आलेल्या त्या मुलीची एचआयव्हीची शेवटची तपासणी निगेटिव्ह आली. पाळीही आली. तो कागद घ्यायला या वेळी वडील सोबत आले होते. खुर्चीवर बसले, कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली. मग तिला न बघताच म्हणाले, “कॉलेजला कधीपासून जातीस?”